कुंडलिकच्या कोयत्याचं पाणी

"लोहार हा शब्द आला कुठून, बाबा?" ओट्यावर टेकत पोराने विचारलं.

"आमच्या घरात आज्यापासून हाय," कुंडलिक म्हणाला. "त्याच्या आधीचं ठाऊक नाय."

पोराचं नाव रितेश. शहापूरहून आलेला. कॉलेजात धंद्यांच्या नावांवर काहीतरी लिहितो म्हणे. कुंडलिकला मात्र तो पहिल्यापासून खटकला. विचारत होता शब्दाबद्दल, आणि डोळे भात्यावर.

म्हसाची जत्रा तोंडावर आली होती. कुंडलिकच्या कोयत्याचं पाणी साऱ्या मुरबाडात नावाजलेलं. जत्रेत लोक दुसऱ्या कोणाच्या कोयत्याला हात लावत नसत. त्या पाण्याचं गुपित फुटलं, की धंदा बसला.

"लोह म्हणजे लोखंड, कार म्हणजे करणारा," रितेश म्हणाला. "लोहकार. त्याचा झाला लोहार."

"म्हंजे जो करतो तो?"

"तोच."

"कोण बोलला?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्याने घण उचललाय कधी?"

मागच्या पडवीतून कुंडलिकची बायको गिरजा आपले काळे झालेले हात पुसत आली. "चाय पितो का रे? भट्टीकडे जाऊ नको. कोंबडी अंड्यांवर बसलीय."

"भट्टीत?"

"तिला निवांत लागतं," कुंडलिक म्हणाला.

"एकदा कोयत्याला पाणी देताना बघू द्या ना."

"परक्याची नजर पडली की पाणी उतरतं."

"मग पाण्यात काय घालता, तेवढं सांगा."

"ह्यो पन शब्दच काय रे?" गिरजाने विचारलं.

रितेशने मान खाली घातली. पिशवीतून एक कोराकरकरीत कोयता काढला. "कॉलेज-बिलेज काय नाय, बाबा. आटगावच्या कारखान्यात कामाला आहे. शेठ बोलला, कुंडलिकचं पाणी शिकून ये, नायतर गेटवर दिसू नको. जत्रेत आमचा माल कोणी घेत नाय."

कुंडलिकने कोयत्यावर नख मारलं, कान देऊन ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याच्यात जीव नाय रे. शेठला सांग, पाण्यात निरगुडीचा पाला टाक, आन् कोयता बुडवताना कोणाशी बोलू नको."

रितेश पाया पडून गेला. तो वळणाआड होईपर्यंत कुंडलिक हलला नाही. मग त्याने फोन लावला आणि आवाज बदलला.

"हॅलो, आटगाव कारखाना ना? टोकावड्याचा हार्डवेअरवाला बोलतो. जत्रेसाठी नेहमीचे कोयते पाठवा. यंदा टेम्पो भरून."

गिरजाने त्याला कोपराने ढोसलं. "आन् त्यांचा छाप जरा हलका मारायला सांगा. घासून घासून माझे हात गेले."