तेल म्हणजे तेल

सुताराने दुकानातल्या फळीवरून बिस्किटांचा पुडा काढला आणि बायकोसमोर धरला. पुड्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘चरबी शून्य’.

“हे चालेल,” तो म्हणाला.

हृदयाच्या ऑपरेशननंतर त्याने तेलाच्या थेंबालाही शिवायचं सोडलं होतं. शेंगदाणे बंद, मासे बंद, सगळं नुसतं उकडलेलं. गालफडं बसली होती. रंधा मारताना धाप लागायची. मग तो घाबरायचा आणि दोन घास आणखी कमी खायचा.

बायकोने चष्मा लावला, पुडा उलटा केला. “चरबी शून्य, खरंय. पण पहिलं नाव साखरेचं आहे, दुसरं मैद्याचं.” पुडा जागेवर ठेवून तिने अक्रोडांची पिशवी उचलली.

“अगं, त्यात तेल असतं.”

“असतंच. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? थिजणारी चरबी कमी करा, अक्रोड मूठभर खा. तुम्ही तेवढं ‘कमी करा’ ऐकलंत. तुमचं नेहमीचंच, खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.”

“तेल म्हणजे तेल.”

“उद्या गिऱ्हाईक म्हणालं, लाकूड म्हणजे लाकूड, तर?”

“दारातूनच परत पाठवीन.” बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं, पण ते टिकलं नाही. फळीची कड धरून तो उभा राहिला.

“भीती वाटते गं.”

“मलाही वाटते,” ती म्हणाली. “म्हणून तर वाचते.”

त्याने हात पुढे केला. तिने चष्मा काढून दिला. अक्रोडांच्या पिशवीवरची बारीक अक्षरं तो बोट फिरवत वाचू लागला. संपृक्त, म्हणजे थिजणारी चरबी थोडी, असंपृक्त भरपूर. त्याने पुन्हा एकदा वाचलं आणि पिशवी सामानाच्या ढकलगाडीत ठेवली.

मग गाडीतली एकेक वस्तू काढून तो वाचत सुटला. तेलाची बाटली पास झाली. शेंगदाणे पास झाले. तळाशी क्रीमचे केक निघाले. पाम तेल, संपृक्त चरबी, वर साखर. तो ते जाऊन फळीवर ठेवून आला.

“अहो, ते माझे होते.”

“माहीत आहे,” तो म्हणाला आणि गाडी मासळीच्या काउंटरकडे वळवली.