थांबण्याचं कारण

मावशींनी गळ्यातली छोटी कातर उचलली आणि चांगला धडधाकट धागा कच्चकन कापून टाकला.

माग थांबला. त्याच्या पाठीमागे वायर जोडायला उकिडवी बसलेली कॉम्प्युटरवाली जागच्या जागी थिजली. कापडगिरणीत तिला सगळे याच नावाने ओळखत. प्रत्येक मागावरचा पडदा आणि त्याच्या आतलं सॉफ्टवेअर तिचंच होतं. आपले डोळे आपल्याला फसवतायत असं तिला क्षणभर वाटलं. पण कापलेलं टोक तिच्या नाकासमोर लोंबत होतं.

पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. थांबण्याचं कारण? खाली चार चौकोन : धागा तुटला, रीळ संपलं, बिघाड, इतर. मावशींनी न बघताच पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. चार मिनिटांचं घड्याळ उलटं धावू लागलं आणि मावशी तरातरा निघाल्या. पण रिळांच्या कोठीकडे नाही. टोकाला बाईचं चित्र लावलेलं दार होतं, त्या दारात शिरल्या.

या ‘धागा तुटला’ने वर्षभर कॉम्प्युटरवालीची झोप उडवली होती. शंभरातले नव्वद थांबे त्याच एका कारणाचे. सगळं खापर बिचाऱ्या सुताच्या माथी फुटलं. सूत पुरवणारा दोनदा बदलला, हवा कोरडी म्हणून फवारे बसवले, तरी धागे तुटायचे ते तुटतच राहिले. शेवटी तिने चौदा आठवडे खपून तोड काढली : एक धागा तुटला की माग आपणहून दुसऱ्या रिळाचा धागा उचलतो, तोही तुटला तर तिसऱ्याचा, आणि थांबायचं नाव घेत नाही. मालकांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली. आज सकाळी सातला पाळी सुरू होण्याआधीच तिने अकरा मागांवर ही नवी करामत बसवली होती. मावशींचा बारावा, तो अजून व्हायचा होता.

मावशी परत आल्या तेव्हा घड्याळात वीस सेकंद उरले होते. त्यांनी सराईतपणे गाठ मारली आणि माग सुरू केला. कॉम्प्युटरवाली मागाच्या पाठीमागून उठून उभी राहिली.

“मावशी, तुम्ही धागा कापलात?”

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. “मॅडम, साहेबांना सांगू नका. एवढं पोटात ठेवा.”

“नाही सांगत. पण का?”

मावशींनी हनुवटीने पडदा दाखवला. “यात लघवीला जायचंय असं कुठे आहे? चालू माग सोडला की गैरहजेरी. हाताने बंद केला की पहिला चौकोन उमटतच नाही. ‘इतर’ दाबलं तर साहेब येऊन सगळ्यांदेखत विचारणार, कुठे निघालात? धागा तुटला की मात्र चार मिनिटं कोणी हूं की चूं करत नाही.”

“म्हणजे सगळेच कापतात?”

“नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच तर शिकवतो आम्ही.” मावशींना भीतीतही जरा हसू आलं. “तुम्ही उगाच त्या सुतामागे लागलात.”

“अहो, मी फॉर्म दिला होता ना सगळ्यांना? काय अडतंय, काय हवंय, दोन पानं भरून विचारलं होतं.”

“साहेब डोक्यावर उभे राहून भरून घेत होते, मॅडम. त्यात हे लिहायचं?”

एवढ्यात ते देखरेखीचे साहेबच लांबून हात हलवत आले. “मॅडम, कमाल केलीत! अकरा मागांवर सकाळपासून थांबे शून्य! मालकांचा निरोप आहे, संध्याकाळपर्यंत अख्ख्या गिरणीत बसवून टाका.”

“साहेब, जरा थांबू या. त्यात एक बिघाड सापडलाय.”

“शून्य थांबे आणि म्हणे बिघाड! उगाच दृष्ट लावू नका.” साहेब हसत हसत पुढे निघून गेले.

शून्य. वर्षभर ती याच आकड्यासाठी झुरली होती. आता तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते. साडेचार तास अकरा माणसं आपल्या जागेवरून हललेली नव्हती, आणि आकडे बघून सगळे तिचं कौतुक करत होते.

“ती तिसऱ्या मागावर आहे ना, ती माझी लेक,” मावशी तिच्या कानाशी म्हणाल्या. “सातवा महिना आहे.”

लेक गुडघे घट्ट जुळवून उभी होती. एक हात पोटाखाली. दुसऱ्या हाताने तिने धागा कापला. मागाने दुसरा उचलला. तिने तोही कापला. मागाने तिसरा उचलला, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : काळजी नको, धागा जोडला. हे शब्द कॉम्प्युटरवालीनेच मोठ्या हौसेने निवडले होते. लेकीने ओठ चावत आईकडे पाहिलं.

मावशींनी कॉम्प्युटरवालीचा हात धरला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच.

“मॅडम, या नव्या प्रकारात माग थांबायला धागा कुठे कापायचा, तेवढं तिला दाखवता का?”