रोडग्यांचं आवतण

शेजारच्या टेबलावरची वर्षाली कुणाच्या फायलीमागे पैसे घेत नसे, याचं मुकेशबाबूंना काही नव्हतं. न घेवो, त्यांचं काय जात होतं! त्यांच्या पोटात दुखायचं ते वेगळ्याच गोष्टीनं. काम होऊन महिना उलटला तरी लोक आठवणीनं वर्ध्याच्या या कचेरीत परत यायचे आणि तिला वावरात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे खायला बोलवायचे. मुकेशबाबूंना इतक्या वर्षांत कुणी साध्या चहालासुद्धा घरी बोलावलं नव्हतं.

आज आंजी गावचे अण्णाजी तिला आवतण देऊन वळले, तेव्हा मुकेशबाबूंना राहवलं नाही.

"काऊन हो अण्णाजी, तिलेच बोलावता? आमाले नाई का चालत रोडगे?"

अण्णाजींचा चेहरा एकदम खुलला.

"या ना बाबू! घरच्यायले घेऊन येजा. वरण, वांग्याची भाजी, पोटभर जेवजा!"

मुकेशबाबूंनी ऐटीत वर्षालीकडे पाहिलं.

अण्णाजी टेबलावर वाकले आणि हळूच म्हणाले, "मंग बाबू, भावाची फाइल तुमच्यापाशी अडून आहे, तिचं या जेवनावरच भागलं समजू ना?"