उरलेला एकच शब्द

मास्तर प्रार्थनेला उभे राहिले की अख्ख्या चर्चचे डोळे पाणावायचे. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची ती रसाळ वाणी नेली आणि जिभेवर एकच शब्द ठेवला, 'बस'.

तरी नेम चुकला नाही. रोज संध्याकाळी लुळा हात चांगल्या हाताने उचलून ते हात जोडायचे आणि कळवळून म्हणायचे, "बस... बस..." आपल्यालाच जवळ बोलावतायत, असं समजून बायको हातातलं काम टाकून यायची आणि पलंगाच्या कडेला टेकायची.

आज ती आधीपासूनच त्यांचे पाय चोळत बसली होती. तरी मास्तरांचं हात जोडून सुरू झालं, "बस... बस..."

"अहो, बसलेय की! आता काय तुमच्या डोक्यावर बसू?" ती हसत म्हणाली.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. चांगला हात सोडवून छताकडे बोट केलं आणि रडत पुन्हा म्हणाले, "बस."

तिचं हसू विरलं. ते तिला बसायला सांगतच नव्हते. इतके महिने ते देवाला विनवत होते, बस झालं, आता ने मला.

तिने तो वर गेलेला हात खाली ओढला आणि छातीशी घट्ट धरला. जन्मभर त्यांच्या प्रार्थनेला नुसतं 'आमेन' म्हणत आलेली ती पहिल्यांदाच स्वतः मोठ्याने प्रार्थना करू लागली,

"बापा, यांचं ऐकू नकोस."