काठावरची कोरी जागा

आजच्या चित्रात एक जागा कोरीच होती. डोंगर झकास, झाडं झकास, तळ्यातलं पाणी तर असं की बोट लावलं तर ओलं व्हावं. आणि काठावर बरोब्बर मधोमध, गोणीच्या आकाराची पांढरीफटक जागा. तिथे पेन्सिल फिरकलीच नव्हती.

ड्रायव्हर चक्रावला. त्याने बायकोची वही मागे उलटली. कालचं चित्र, परवाचं, गेल्या आठवड्यातलं. सगळीकडे तेच. निवृत्त झाल्यापासून रोज तिच्याबरोबर तळ्यावर जात होता, पण वही कधी म्हणून उघडून बघितली नव्हती.

तीस वर्षं त्याने लांब पल्ल्याच्या गाड्या हाकल्या होत्या. त्याचा एक जोडीदार असाच घरी बसला. नजरेत मधेच डाग, आणि पठ्ठ्याला त्याचा पत्ताच नाही! हिचंही तसंच झालं तर? हा रस्त्यावर असताना या पेन्सिलींनीच तर तिला सोबत केली होती.

"ही किती बोटं?"

"तीन. आणि नखं कापा."

आता काय म्हणावं! त्याने सुई ओवायला दिली. तिने पहिल्या झटक्यात ओवली. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर वाचायला लावलं. तिने घडाघडा वाचलं. मग हे आहे तरी काय? त्याला काही म्हणता काही कळेना. जेवणावरचं लक्षच उडालं.

शेवटी त्याने वही तिच्यापुढे धरली. "अगं, खरं सांग. इथलं तुला दिसत नाही ना?"

"नाही दिसत." ती पेन्सिलीला टोक करत होती.

"कधीपासून?"

"तुम्ही निवृत्त झालात तेव्हापासून. अहो, तिथे तुम्ही पेपर उघडून बसता! मागचं दिसणार कसं? न दिसलेलं मी मनाने काढत नाही, आणि माणसं मला जमत नाहीत."

हुश्श झालं. मग तो भडकलाच. "दोन महिने! 'जरा बाजूला सरका' एवढं म्हणायला काय झालं होतं?"

तिने टोकावर फुंकर मारली.

"लग्नानंतर आत्ता कुठे एका जागी बसलायत. उठवायचं जिवावर आलं."