शेंगदाण्यांचे पोहे

'पोह्यात शेंगदाणे घालणारी माणसं भरवशाची नसतात,' या पोस्टने हेरंबला वीस हजार फॉलोअर मिळवून दिले. "त्यांतली एक तरी लग्नाला उभी राहिली का?" आई रोज विचारायची.

आज दोघं मृण्मयीला बघायला गेली, तर तिने शेंगदाण्यांनी भरलेली पोह्यांची बशी पुढे केली.

"आवडतात ना?" तिने विचारलं.

आईने त्याला कोपर मारलं. "शेंगदाण्यांशिवाय पोह्यांना मजाच नाही," म्हणत हेरंबने बशी चाटूनपुसून संपवली.

"मग तसं लिहून टाका की."

घाम पुसत त्याने लिहिलं. 'बाटला, बाटला' म्हणत फॉलोअर भराभर गळू लागले. त्याने केविलवाण्या चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडेही शेंगदाणे नाही घालत," रिकामी बशी उचलत ती म्हणाली. "तुमची पोस्ट फार पटली होती. म्हटलं, होकार द्यायच्या आधी खात्री करावी."