असामान्य गुणवत्ता

हेलिकॉप्टर ट्रेनिंगसाठी कॅप्टन सुखदाने केलेला अर्ज कर्नलसाहेबांनी दोनदा परत केला. "तुझ्यासारखी कामाची ऑफिसर सोडली, तर युनिट कुणाच्या जिवावर चालवू?"

सुट्टीत गाझियाबादला घरी आल्यावर तिने बाबांपुढे रडगाणं गायलं. सरकारी नोकरीत मुरलेले बाबा म्हणाले, "चार महिने कामाची वाट लाव."

तिने मनापासून लावली. जनरलसाहेब पाहणीला आले, तेव्हा स्वागताचा बँड मागच्या गेटवर वाजत होता.

तिसऱ्या अर्जावर कर्नलसाहेबांनी लिहिलं, 'असामान्य गुणवत्ता. हिचा जन्मच आकाशासाठी. ताबडतोब पाठवावे.'

"बाबा, तुम्हाला हे सुचलं कसं?" तिने फोनवर विचारलं.

"अगं, पुण्याच्या ऑफिसने प्रमोशन देऊन मला दिल्लीला पाठवलं, तेव्हाचा निरोपाचा फोटो आठव आपल्या हॉलमधला. सगळे किती खूश दिसतायत!"